इथवर आलं

"जा ना रे, जा ना एकदाचा!" नयन लॅपटॉपवर करवादली.

"आत्ताच त आलो मॅडम... कायले हाकलून राह्यल्या?"

तिनं चमकून वर पाहिलं. दारात एक सावळा, उंच तरुण उभा होता. खांद्याला अवजारांची पिशवी, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू.

"तुम्हाला नाही... फॉर्मला म्हटलं," ती ओशाळली.

"मी संघदीप. इन्व्हर्टर पाह्यले आलो."

हे ऑफिस दिग्रसच्या समाजसेविका बेबीताईंचं; त्यांनी डोळे तपासणीचं शिबिर ठरवलं होतं. खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना उन्हात रांग लावावी लागू नये, म्हणून घरच्यांनी मोबाईलवरून नाव नोंदवून वेळ घ्यायची. ते वेबपेज बनवायचं काम नयनला मिळालं होतं — तिचं पहिलंच. चार वाजता नोंदणी सुरू व्हायची होती. आता दोन वाजले होते, आणि 'नोंदणी करा' दाबलं की काहीच होत नव्हतं. फक्त एक लाल ओळ उमटायची : सबमिट हे फंक्शन नाही.

संघदीप वायरी तपासू लागला. किती शांत हात! कुठे घाई नाही, आदळआपट नाही... ती बघतच राहिली.

"तुमचं काहून अडलं?" त्यानं मान न वळवता विचारलं.

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मी त एकेका जोडावर टेस्टर लावतो. इथवर करंट आला... इथवर आला... जिथं नाही आला, तिथं बिघाड."

नयननं कोडच्या प्रत्येक टप्प्यावर एक संदेश टाकला — 'इथवर आलं'. बटण दाबलं. एक आला, दुसरा आला, तिसराही आला. शेवटच्या ओळीनंतर मात्र शांतता.

"इथंच मी फॉर्म पाठवायला सांगते. आणि हा लॅपटॉप म्हणतो, सबमिट हे फंक्शनच नाही! फॉर्म पाठवायचं फंक्शनच असतं ना ते!"

"फंक्शन नाही... मंग कोन हाय थे?"

ती हसणार होती. हसली नाही. हे तर तिनं विचारलंच नव्हतं! सबमिट म्हणजे नक्की काय, ते दाखव, असं तिनं कोडमध्ये लिहिलं... आणि समोर आलं तिचंच हिरवं बटण. बटणालाही तिनं तेच नाव दिलं होतं. हाक फंक्शनला जायची, ओ बटण द्यायचं!

नाव बदललं. दाबलं. 'नोंदणी झाली.'

"लय डोकं हाय तुमचं!" तो मनापासून म्हणाला.

"प्रश्न तर तुमचा होता," ती म्हणाली, आणि उगीचच लाजली.

पहिलं नाव त्यानं आपल्या आईचं टाकलं — इंदूबाई.

त्या आठवड्यात तो तीनदा आला. बॅटरीचं पाणी पाहायला म्हणे. येऊन तिच्या कोडकडे बोट दाखवायचा, "हे कायले?" न समजल्याची लाज नाही, समजल्याचा तोरा नाही. असा माणूस तिनं पाहिलाच नव्हता. चौथ्या दिवशी तो आला नाही, तर तिचं लक्ष दाराशीच...

शिबिराला दोनशेवर म्हातारी माणसं आली. आपापल्या वेळेला, सावलीत बसून. संध्याकाळी इंदूबाई डोळ्यांत औषध घालून बाकावर बसल्या होत्या. शेजारी संघदीप. नयन पाणी घेऊन आली.

"मॅडम," तो चाचरला, "बॅटरीत पाणी... पहिल्या दिवशीच भरलं होतं मी."

"ठाऊक आहे. बेबीताईंनी सांगितलं."

"तरी बोलल्या नाही?"

"बोलले असते, तर तुम्ही आला असता?"

दोघांच्या मधे इंदूबाई.

"पोराहो," त्या म्हणाल्या, "मले घंटाभर काई दिसनार नाही. बोलून घ्या."

संघदीप कानापर्यंत लाल झाला. "मी उद्या येऊ? ...कामाबिगर?"

नयननं पाण्याचा पेला इंदूबाईंच्या हातात दिला, आणि त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली,

"ये."