नदीकडचं दार

निमित्त एका पाळण्याचं होतं. कांचनचे दिवस भरत आले होते, तिची आई नागपूरहून यायची होती, आणि बारशाला लाकडीच पाळणा हवा असा दोघी मायलेकींचा हट्ट होता. सेंट लुईसच्या दुकानांत मिळायचे ते सगळे जाळीचे, प्लास्टिकचे, बटण दाबलं की डुलणारे. शेवटी ऑनलाइन एक जाहिरात सापडली: ओक लाकडाचा जुना जर्मन पाळणा, घरी येऊन घेऊन जाणे. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जेवण उरकून तिच्या नवऱ्याने, परीक्षितने, गाडी काढली, आणि मिझुरी नदीच्या काठाकाठाने दोघं पश्चिमेला निघाली.

गावाचं नाव लिंडेनाख. उतारावर द्राक्षमळे, त्यांच्या पायथ्याशी विटांची घरं एकमेकांना खेटून उभी, मधोमध टोकदार मनोऱ्याचं चर्च. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचं एक अख्खं गाव फार पूर्वी उठून अमेरिकेत आलं होतं. तसाच उतार, तशीच वळण घेणारी नदी दिसल्यावर ती माणसं इथेच थांबली, आणि त्यांनी मागे सोडलेलं गाव जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. वेशीवरच्या पाटीवर हे सगळं हौसेने लिहिलेलं होतं. फक्त नदी कुठे दिसत नव्हती. घरांच्या खाली, जिथे पाणी असायला हवं तिथे, कापणीला आलेलं सोयाबीन पसरलं होतं.

"मी नाही उतरत रे," कांचन सीट मागे टाकत म्हणाली. "पाय सुजलेत नुसते. तू घेऊन ये, मी जरा पडते."

"आतून लॉक कर," असं म्हणून परीक्षित उतरला.

पाळणा विकणाऱ्या क्लाराबाईंनी दार उघडलं. पाठीत वाकलेल्या, पण नजर अगदी स्वच्छ. पाळणा तळघरात होता आणि बाईंच्याने जिना उतरवत नव्हता. तिथल्या तळघरांत पूर्वी वाइन साठवायचे, त्या सांगत होत्या. प्रत्येक तळघराला दोन दारं. एक घरातल्या जिन्याशी, दुसरं खाली, नदीकडे. नाव थेट त्या दाराला लागायची आणि पिंपं तिथूनच चढायची.

"आणि नदी?" परीक्षितने विचारलं.

"एका पुरात तिने पात्र बदललं. मैलभर लांब गेली ती गेलीच." बाईंनी जिन्याचा दिवा लावला. "खालच्या दाराला हात लावू नका. ते आम्ही उघडत नाही."

जिना दगडी होता, मधे झिजून खोलगट झालेला. वरून एका पिवळ्या बल्बचा उजेड येत होता. कमानीखाली जुन्या पिंपांचा आंबूस वास साचला होता. त्या वासाच्या तळाशी आणखी एक वास होता, गाळाचा, पाणी नुकतंच ओसरलेल्या काठाचा. इतक्या कोरड्या जागेत तो कुठून येतो, असं त्याला वाटून गेलं. समोरच्या भिंतीत ते दार होतं. जाड फळ्या, लोखंडी अडसर, शेजारच्या दगडावर पुराच्या खुणा एकावर एक कोरलेल्या. सगळ्यात वरची खूण त्याच्या डोक्याच्याही वर होती.

पाळणा कोपऱ्यात होता. सुरेख होता. त्याने वाकून तो उचलला, आणि तेवढ्यात त्याला पाण्याचा आवाज आला.

लांब नव्हता तो आवाज. दाराच्या पलीकडेच पाणी दगडाला लागत होतं, मागे सरत होतं, पुन्हा लागत होतं.

त्याने वर पाहिलं. वरचं दार हळूच लागलं आणि कडी सरकली.

पाळणा टाकून तो जिना धडाधडा चढला. "मॅडम! काय करताय? दार उघडा!"

"माफ करा," फळीपलीकडून बाईंचा आवाज आला. "पाण्याचा आवाज आला की वरचं दार लावायचं, अशी आमची रीत आहे. थोडा वेळ फक्त. तुम्ही खालचं उघडू नका, म्हणजे झालं."

"कोण आहे तिकडे?"

बाई सांगू लागल्या, फार हळू, जणू कुणी ऐकेल म्हणून. त्या पुराच्या वेळी अर्धं गाव या तळघरात दारं लावून बसलं होतं. वाहून चाललेल्या एका नावेतली माणसं या दाराला येऊन लागली. दार उघडलं तर पाणी आत येणार होतं. आतल्यांनी उघडलं नाही. सकाळी पाणी गेलं, नदीही गेली. "हे पाटीवर लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

परीक्षितने फोन काढला. दगडांच्या आत सिग्नल नव्हता. त्याने वरच्या दाराला खांदा लावला, दोनदा, तीनदा. दार हललंसुद्धा नाही.

आणि खालचं दार वाजलं.

मोठ्याने नाही. कुणी अवघडलेलं माणूस बोटांच्या पेरांनी वाजवेल, तसं.

"परी…" बाहेरून आवाज आला. "परी, दार उघड ना."

तो कांचनचा आवाज होता.

जिन्यावरून तो कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दाराच्या खालच्या फटीतून पाण्याची एक पातळ जीभ आत आली होती.

"कांचन? तू इथे कशी?"

"तुला शोधत आले. पाणी चढतंय रे… गुडघ्यापर्यंत आलंय."

"कांचन, आपण बाळाचं नाव काय ठरवलंय?"

हे नाव त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, दोघांच्या आयांनाही नाही. बाहेर पाणी डचमळलं.

"मुलगी झाली तर मुक्ता," आवाज म्हणाला. "उघड ना… पोटापर्यंत आलंय."

परीक्षितने अडसर दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव एकवटून ओढला. गंजलेलं लोखंड कुरकुरलं, बोटभर सरकलं.

"नका उघडू!" वरून बाई ओरडल्या. "तुमची बायको गाडीत झोपली आहे. मला खिडकीतून दिसतेय!"

तो तसाच उभा राहिला. एका बाजूला त्याला कोंडून घालणारी परकी बाई, दुसऱ्या बाजूला कांचनचा आवाज. खरं कोण? बाई खोटं बोलत असतील तर दोन जीव त्या फळीपलीकडे बुडत होते. त्याच्या मोज्यांत थंड पाणी शिरलं होतं. हात अडसरावर होते, आणि कपाळ दाराला टेकलेलं.

"उघड ना… पोटापर्यंत आलंय."

मघाचंच वाक्य. तोच सूर, तीच धाप, तेवढंच थांबणं. कांचन घाबरली की तिचे शब्द एकमेकांवर आदळतात. ती रडते, शिव्या देते. अशी एका सुरात कधी बोलत नाही.

त्याने हात काढून घेतले. त्याला रडू फुटलं. "नाही," तो कसाबसा म्हणाला. "नाही उघडणार."

मग आवाज अगदी फळीजवळ आला, समजूतदार, जवळजवळ प्रेमळ.

"बरं. असू दे. मी दुसऱ्या दाराने येते."

पाणी मागे सरलं. फटीतली ओल बघता बघता विरली. तो वरचं दार बडवत राहिला. बऱ्याच वेळाने कडी निघाली, तसा तो बाईंना ओलांडून, त्यांच्याकडे न बघता, थेट रस्त्यावर धावला.

गाडी जागेवर होती. कांचन आत होती. कोरडी, सुखरूप, केस विस्कटलेले. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अरे, काय झालं? पाळणा कुठाय?"

"कीड लागलीय त्याला. चल, निघू."

द्राक्षमळे मागे पडले, तिन्हीसांज झाली, आणि गाडी नदीवरच्या लांब पुलावर चढली. दोन्ही बाजूंना ट्रक होते. थांबायला जागा नव्हती.

"तू इतका भिजला होतास कसा पण?" कांचनने जांभई देत विचारलं.

"मोजेच फक्त."

"मोजे काय, नखशिखांत! मघाशी नाही का आलास? काच वाजवलीस, मागचं दार उघड म्हणालास. मी अर्धवट झोपेतच लॉक काढलं. मला वाटलं, पाऊस आला." ती हसली. "मागे बसलासही होतास ना थोडा वेळ? मग परत कधी गेलास?"

त्याने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

समोर डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लागला आणि गाडी टिंग टिंग करू लागली. मागे कुणी पट्टा न लावता बसलं की ती अशी वाजते.

"मागे काही सामान ठेवलंयस का?" कांचन म्हणाली. "त्यानेच वाजतंय."

पूल संपत नव्हता. खाली अंधारात नदी वाहत होती. मागून पट्टा हळूच ओढल्याचा आवाज आला. मग खट् झालं, आणि टिंग टिंग थांबली.