सहाचाकीचं बूच

"मला कुणाला पकडून द्यायचं नाही," खुर्चीच्या टोकावर बसत म्हातारे मोजणीदार म्हणाले. "मी बूच लावायला विसरलो की नाही, तेवढं शोधून द्या."

वहिनी खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होत्या. विमा कंपनीसाठी वीस वर्षं अपघातांची पाहणी केल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं, आणि एका जागी बसून ऐकणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. बसायचं काम त्यांचे दीर करत. भाऊजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. नोंदी सुरेख ठेवत आणि त्यांतून अर्थ नेमका उलटा काढत.

मोजणीदारांची हकिगत साधी होती. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या आवारात एक सहाचाकी दिसली. जमिनीवर आणि पाण्यावरही चालणारी. प्लास्टिकच्या मोठ्या टबाला सहा गुबगुबीत चाकं लावावीत तशी. पाण्यात तीच चाकं वल्ह्यांचं काम करतात. तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मोजणीदारांनी ती घरी आणली आणि त्यांना वेडच लागलं. जुना मित्र, ट्रकचा मिस्त्री, मदतीला आला. मिस्त्रीच्या कारखान्यात दोघांनी मिळून तिचा खिळा न् खिळा दुरुस्त केला.

गेल्या रविवारी गाडी पहिल्यांदाच तळ्यात उतरली. सोबत आठ वर्षांची नात होती; मिस्त्री काठावर थांबला होता. तळ्याच्या मध्यावर आत पाणी भरलं आणि गाडी बुडाली. अंगात तरंगती जाकिटं होती म्हणून दोघं वाचली. गाडी बाहेर काढल्यावर तळाचं भोक उघडं दिसलं. ते बंद करायचं बूच मिस्त्रीला कारखान्यातल्या फळीवर सापडलं.

"आदल्या दिवशी गाडी धुतली होती. धुतलेलं पाणी जावं म्हणून मीच बूच काढलं. परत लावल्याचं आठवतंय मला." मोजणीदारांचा पाय थांबायला तयार नव्हता. "पण आता माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. कुलूप लावून चार वेळा मागे फिरतो. सून नातीला माझ्यापाशी एकटं सोडत नाही. तिचं काही चुकत नाही."

"आणि विसरला असाल तर?" वहिनींनी विचारलं.

"तर तोंडावर सांगा. मग मीच पोरीपासून लांब राहीन."

सून भाजी चिरता चिरता बोलली. गाडी तिला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती, हे तिने लपवलं नाही. त्या सकाळी डबा द्यायला ती कारखान्यात गेली होती आणि पाचेक मिनिटं एकटीच होती, हेही तिनेच सांगितलं. भाऊजींनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"वहिनी, उलगडा झाला," जिना उतरताना ते कुजबुजले. "गाडी कायमची जावी म्हणून..."

"त्याच गाडीत तिची पोटची पोर बसणार होती, भाऊजी."

भाऊजींनी रेघा खोडल्या.

तळ्यावरच्या रखवालदाराला बुडालेल्या माणसांपेक्षा स्वतःच्या अंगणाचं दुःख जास्त होतं. गाडी भयंकर जड झाली होती, ट्रॅक्टर लावून पन्नास पावलांचा चढ ओढत आणावी लागली, असं त्याने सांगितलं. ती उभी केली नेमकी त्याच्या खोलीसमोर. मुलीची चप्पल आत तरंगत होती, ती त्याने हात घालून काढून दिली. मग सगळं पाणी त्याच्या दारात आलं आणि दिवसभर तो चिखल उपसत बसला. चढावर मात्र टिपूसही नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मिस्त्री कारखान्यात गाडीपाशीच होता. सहापैकी चार चाकं उतरवलेली होती. आतलं पाणी सुकवतोय, तो म्हणाला. वहिनींनी फळीवरचं बूच उचलून उजेडात धरलं. आट्यांमध्ये हिरवं शेवाळ वाळून चिकटलं होतं. त्यांची पावलं भरभर पडू लागली.

काम चोख दिसतंय, असं म्हटल्यावर मिस्त्री खुलला. चाकाचा आस टबात शिरतो तिथलं रबरी सील त्याने दाखवलं. "याची पातळ कड जिकडे तोंड करते, तिकडचं ती अडवते. कड आत, तर तेल आत. चाळीस वर्षांत माझ्या ट्रकखाली तेलाचा थेंब पडला नाही. हिचीही सहाच्या सहा मीच बसवली, मोजणीदार डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता तेव्हा. मला बघावंसुद्धा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. सून मुलीचा हात धरून दाराशी उभी राहिली.

"मोजणीदार, तुम्ही विसरला नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तळाला भोक असलेली गाडी पाण्याबाहेर आली की वाटेतच रिकामी होते. ही चढ चढून रखवालदाराच्या दारात आली तरी चप्पल आत तरंगतच होती आणि चढ कोरडा होता. म्हणजे तोवर बूच जागेवर होतं. ते दारात काढलं गेलं."

"पाणी सोडायला काढावंच लागतं की," भाऊजी म्हणाले.

"काढण्यात गैर नाही. ते गुपचूप फळीवर ठेवण्यात आहे. गाडी पहिल्यांदाच पाण्यात गेली होती. फळीवरच राहिलेल्या बुचाला तळ्यातलं शेवाळ कसं लागेल?"

"मग पाणी आलं कुठून?" सुनेने विचारलं.

वहिनींनी पाचवं चाक उतरवायला सांगितलं. मिस्त्री जागचा हलला नाही. शेवटी मोजणीदारांनीच पाना घेतला. आतल्या सीलची कड आतल्या बाजूला होती. आधी उतरवलेल्या चारही जागी ती बाहेर होती.

"ट्रकमध्ये तेल आत ठेवायचं असतं. इथे पाणी बाहेर ठेवायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या सवयीने सहाही सीलं उलटी बसली. बुडाल्यावर मिस्त्रींच्या ते लक्षात आलं. सुकवायच्या निमित्ताने चार बदलून झाली. दोन राहिली."

मिस्त्री एका टायरवर बसला. "भोक उघडं दिसलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, बूच राहिलं वाटतं. बूच माझ्या खिशात होतं. मी गप्प बसलो. पोर बुडता बुडता वाचली होती रे, माझी जीभच उचलली नाही."

मोजणीदार बराच वेळ पाना पुसत राहिले.

"सील माझ्याही हातून उलटं बसलं असतं," ते म्हणाले. "पण तू रोज संध्याकाळी घरी येत होतास. डोकं ठिकाणावर आहे का बघायला मी तुझ्यासमोर शंभरापासून उलटे आकडे म्हणत होतो. आणि तू समोर बसून तपासत होतास."

मोजणीदारांनी पाना खाली ठेवला आणि ते मिस्त्रीकडे न बघता बाहेर निघाले.

दाराशी सून वाट अडवून उभी होती. बाबा, माझं चुकलं, एवढंच ती म्हणाली. मग तिने मुलीचा हात सोडला. "आजोबांबरोबर घरी जा. मी मागून येते." तळ्याकडच्या रस्त्याने जाऊ नका, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

मोजणीदारांनी नातीचा हात धरला. दुखतोय, असं ती दोनदा म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी पकड सैल केली.