आत्याचं अंगुस्तान

आमच्या घरात कुठलंही मूल कधी रडत झोपलेलं नाही. ही फुशारकी नाही, हा आत्याचा पराक्रम आहे. नात्याने ती बाबांची आत्या, पण बाबा, काका, दादा, मी आणि आता दादाची ढमी, आम्हा सगळ्यांची ती नुसती आत्या. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी बसून ती शिंप्याकडून आणलेल्या कपड्यांना हातशिलाई करायची. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. मूल पेंगुळलं की ती त्याचा डावा मोजा काढायची, गुंडाळी करून उशीखाली सरकवायची आणि पायाचा अंगठा चिमटीत धरायची. अंगुस्तान न काढता. तो गारवा लागला की डोळे आपोआप मिटायचे. गाणं नाही, थोपटणं नाही. मला विचाराल तर शुद्ध विज्ञान.

अंगुस्तानाला एका बाजूला पोचा होता. तो बाबांनी लहानपणी हातोडीने पाडलेला. बहुतेक त्यामुळेच ते तिच्या बोटातून निघत नसे. आत्या गेली तेव्हाही निघालं नाही. आईने साबणाचं पाणी लावून पाहिलं, मग बाबा म्हणाले, राहू दे. ते तिच्याबरोबरच गेलं.

तेव्हापासून ढमीने दुपारची झोप सोडली. नुसती सोडली नाही, शेजारचे विचारायला यावेत इतकं रडू लागली. दादा परगावी नोकरीला, वहिनीची रजा संपत आलेली. सकाळी आई घरी असते, दुपारी माझी शाळा सुटलेली असते, अडचण फक्त त्या झोपेची. पण त्या एका अडचणीपायी वहिनीने ढमीला स्वतःच्या आईकडे, दुसऱ्या गावी ठेवायचं ठरवलं. थोडी मोठी होईपर्यंत, म्हणाली. म्हणजे ढमी आम्हाला ओळखेनाशी होईपर्यंत.

मी जेवताना जाहीर करून टाकलं की ढमी कुठेही जाणार नाही, तिला मी झोपवणार. बाबा म्हणाले, आधी स्वतःचं अंथरूण आवरत जा, मग दुसऱ्यांना झोपव. यंदा वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून असल्या टोमण्यांनी माझं काही होत नाही.

वहिनी हसली नाही. "शनिवारी मी कामावर जाऊन बघते," ती म्हणाली. "परत येईन तेव्हा ती झोपलेली असली, तर राहू दे इथेच. नाहीतर रविवारी आम्ही निघतो."

मी कामाला लागले. फ्रीजमधला चमचा अंगठ्याला लावला. कुलपाची किल्ली लावली. शिंपीकाकांकडून कोरं अंगुस्तान आणलं. ढमीने चमचा लाथाडला, किल्लीकडे बघितलंही नाही, अंगुस्तान लागताच तर भोकाडच पसरलं.

शुक्रवारी मी दूध गरम करायला आत गेले आणि रडणं एकदम थांबलं. परत आले तर ती शांत पडून खिडकीकडे बघत होती. डावा पाय उघडा. लाथ मारून मोजा उडवला असेल म्हणून मी पलंगाखाली शोधला, दुलई झटकली. मोजा उशीखाली होता. गुंडाळी करून.

आई ऑफिसात, वहिनी बाजारात. मी पंखा तपासला, खिडकीची कडी तपासली, ढमीची मूठसुद्धा उघडून बघितली. तिला तर अजून खुळखुळाही नीट धरता येत नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही. अशी गोष्ट ऐकल्यावर वहिनीने रविवारचीही वाट पाहिली नसती.

शनिवारी वहिनी गेली. मी ढमीला दोन्ही मोजे घातले, वरून माझ्या रिबिनीच्या गाठी मारल्या, दुलई पांघरली आणि दार लावून घेतलं. काय ते एकदाचं कळू दे.

ती रडली. घसा बसेपर्यंत रडली. मी तिचा खुळखुळा आणायला कपाटाकडे वळले.

मागे टिक असा आवाज झाला. पलंगाच्या लाकडी कडेवर धातू टेकावा तसा.

रडणं ओसरत गेलं. खोलीत शिंप्याच्या खडूचा वास येत होता.

मी वळले. रिबीन उशीजवळ होती, नीट घडी घातलेली. ढमीचे डोळे मिटत होते. पायाशी दुलई जराशी उचललेली होती.

मला पळायचं होतं. पळाले असते तर दार आपटलं असतं, आणि उद्या ढमी गेली असती.

मी पायाशी बसले आणि दुलईखाली हात घातला. इवलासा अंगठा लागला.

मग त्याला धरलेली बोटं लागली. कोरडी, हाडकुळी. टोकं सुईने खरखरीत झालेली.

मी हात मागे घेतला नाही.

"आत्या," मी हळूच म्हणाले, "सरक जरा. मी धरते."

बराच वेळ काही झालं नाही. मग ती बोटं सैल झाली. एकेक करून निघाली. निघता निघता माझ्या मधल्या बोटावर काहीतरी सरकवलं गेलं, पार पेरापर्यंत.

मी अंगठा सोडला नाही.

वहिनी आली तेव्हा ढमी घोरत होती. दारातच उभी राहून तिने आधी ढमीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"जमलं की गं तुला," ती कुजबुजली. भरलेली बॅग रिकामी करायला ती आत गेली.

मी हात बाहेर काढला. कडेचा पोचा नेमका माझ्या अंगठ्याखाली आला. मी एकदा ओढून पाहिलं. ढमी चुळबुळली, म्हणून ओढणं सोडलं आणि तिचा पाय पुन्हा धरला.

बाहेरून ते अगदी गार होतं. आतून कोमट.