हिरव्या दिव्याचे अकरा सेकंद

नगररचना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाणथडी शहराचं नगरबिंब टेबलभर पसरलं होतं. प्रकाशाचेच रस्ते, प्रकाशाचीच घरं, आणि चालणारा प्रत्येक माणूस म्हणजे तांदळाएवढा पिवळा कण. खऱ्या शहरात कुणी पाऊल उचललं, की इथं एक दाणा हलायचा.

प्रा. श्रीरंग काळसेकर आपला स्वशिक्षित सिग्नल वर्गाला समजावत होते. दुपारी तीनला त्यांची सही झाली, की तो आणखी सतरा शहरांत लागणार होता.

"याला वेळ आपण ठरवून देत नाही. रस्ता ओलांडणाऱ्यांना तो स्वतः मोजतो, त्यांना पुरेल तेवढाच हिरवा दिवा ठेवतो. नऊ वर्षांपूर्वी बाजारचौकात बावीस सेकंद लागायचे. आज अकरा पुरतात. आपलं शहर चपळ झालंय!"

मागच्या बाकावरून अंबिका घुले उठली. "सर, ज्यांना ओलांडता येत नाही, त्यांना तो कसा मोजतो?"

"ओलांडलंच नाही, तर मोजणार काय?"

"तेच म्हणते मी." तिनं नगरबिंब नऊ वर्षं मागं नेलं आणि भरभर पुढं सोडलं. "दिवा दोन सेकंदांनी आखडला, की सगळ्यांत हळू चालणारे यायचे थांबतात. उरलेल्यांच्या वेगाची सरासरी वाढते. सिग्नलला वाटतं, लोक भराभर चालतायत. तो आणखी कापतो. पुन्हा काही गळतात. सर, आपण शहर चाळून घेतलंय."

चौकाच्या काठाकाठानं पिवळे दाणे एकेक करून विझत गेले.

"घुले, सरांना या सिग्नलसाठी मिळालेला पुरस्कार परत मागतेस की काय?" कुणीतरी पुटपुटलं. वर्ग हसला. काळसेकरही हसले.

"अगं, न येण्याला हजार कारणं असतात. माझी सख्खी बहीण त्याच चौकापलीकडे राहते. आधी दर गुरुवारी यायची. दीड वर्षात फिरकली नाही. रुसलीय! मग मीही जात नाही. यात सिग्नलचा काय दोष?"

अंबिकानं मान खाली घातली. "ताईंचं मला ठाऊक नाही, सर. पण प्रत्येकाची चाल निराळी, म्हणून सिग्नल बोटाच्या ठशासारखा प्रत्येकाचा चालठसा ठेवतो. पहिल्या चाचणीला तुम्हीच चालला होतात. क्रमांक एक तुमचा." ती थांबली. "दाखवू का?"

"दाखव की."

एक दाणा चौकाशी आला. फुटपाथची पायरी उतरला. दोन पावलं गेला, थबकला, मागं फिरला. पुढच्या गुरुवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. असे सोळा गुरुवार. मग तो दाणा यायचाच थांबला.

कुणी हसलं नाही. ते काळसेकरांना जास्त लागलं. पाय मंदावले म्हणून समोरच्या घरी जायला रिक्षा कशी करायची, या लाजेनं त्यांनी रुसवा पांघरला होता. पांघरून पांघरून तो त्यांना खराच वाटू लागला होता.

ते बाहेर पडवीत गेले. दीड वर्षानं बहिणीचा नंबर लावला.

"रंजूताई, मी..."

"रंगा, माझी खिडकी चौकावरच आहे रे," पलीकडून आवाज आला. "पाऊल टाकायचास, मागं घ्यायचास. सगळं दिसायचं मला. मीही अलीकडच्या काठावर उभी राहून परतलेय."

"मग फोन का नाही केलास?"

"केला असता, तर 'का येत नाहीस' विचारावं लागलं असतं. तू काय सांगितलं असतंस? सिग्नल तर तुझाच." ती जरा हसली. "बसल्या बसल्या एक ओवी जुळवलीय तुझ्यावर. ऐक."

*"बाई माझ्या भावाचं, समोर दिसतं दार
रस्त्याला आला पूर, कशी उतरू मी पार"*

काळसेकरांना आईच्या ओव्या आठवल्या. आई दळायला बसली, की दोघं तिच्या दोन मांड्यांवर डोकं टेकायची. तेव्हा ती जातं हळू फिरवायची, पोरांची झोप मोडू नये म्हणून.

तीन वाजता संमतीपत्र समोर आलं. सहीच्या जागी त्यांनी काट मारली. खाली 'नकाराचे कारण' असा रकाना होता. अंबिका शेजारीच उभी होती. तिच्याकडे त्यांना पाहवेना.

त्यांनी लिहिलं: "क्रमांक एकला रस्ता ओलांडता येत नाही."