एका रात्रीत दोन बाटल्या

भर दुपारी डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि नाकापर्यंत ओढलेला मास्क अशा थाटात एक माणूस दुकानात शिरला, तेव्हा किनांतीला वाटलं, गेला आपला गल्ला! पण चोर काही दारात थांबून पाय पुसत नाहीत. हा मात्र पुसत होता, अगदी मनापासून.

"म्बाक..." तो कुजबुजला. आमच्याकडे जावात तरुण बाईला आदराने म्बाक म्हणतात आणि पुरुषाला मास. "जरा बाजूला येता का?"

"इथंच सांगा ना, मास."

"इथं नको. लोक बघतील."

क्रीमच्या कपाटाआड जाऊन त्याने मास्क उतरवला आणि किनांतीने हसू दाबायला ओठ दाताखाली धरले. गाल लालबुंद, नाकाच्या दोन्ही बाजूंची सालं निघालेली, हनुवटी तर उकडलेल्या कोळंबीसारखी. आणि त्या सगळ्या पडझडीत दोन डोळे मात्र इतके सरळ, इतके ओशाळलेले, की... तिने पटकन नजर काढून घेतली.

"काय लावलंत?"

"रेटिनॉल."

"आणि?"

"...ॲसिड."

"एकाच रात्री?"

"वाटलं, दुप्पट लवकर होईल."

"झालंय की दुप्पट लवकर!"

तो हसायला गेला आणि लगेच कळवळला. "हसवू नका हो, ताणतं."

त्याचं नाव दमार. शाळेत भूगोल शिकवायचा. मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघून त्याने दोन्ही बाटल्या मागवल्या होत्या. किनांतीने समजावलं, बाटल्या वाईट नाहीत, घाई वाईट. एक नवी कातडी वर आणते, दुसरी मेलेली काढून टाकते. दोघींना एकदम कामाला लावलं की कातडीचं स्वतःचं कुंपणच कोसळतं.

"मग आता काय घेऊ?"

"फारसं काही नाही. सौम्य फेसवॉश, कुंपण सांधणारं हे सिरॅमाइडचं क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. सालं ओढायची नाहीत."

"लग्नापर्यंत होईल ना बरं?" त्याने खाली बघत विचारलं. "घरात लग्न आहे. सगळं गणगोत माझ्याच तोंडाकडे बघत बसणार."

गल्ल्यावरून तुतिकचा आवाज आला. ती वयाने मोठी, आणि तिचे कान सगळ्या सोलो शहराला पुरतील एवढे. "नवरदेव होय! अभिनंदन हो, मास!"

दमार हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कसनुसं हसून त्याने मास्क वर ओढला आणि गेला. जाताना काचेच्या दारावर आपटला, कारण काळा चष्मा घालून तो मागे बघत होता. कुणाकडे, ते किनांतीने पाहिलं. नवरदेवाने असं बघू नये, असंही तिला वाटलं.

यायचं काही कारणच उरलं नव्हतं त्याला. तरी तो आला.

"म्बाक, घरात बसूनही सनस्क्रीन लावायचं?"

"खिडकीपाशी बसत असाल तर लावायचं."

"आणि खिडकीपाशी बसून कुणाची वाट बघत असेन तर?"

"तरी सनस्क्रीनच लावायचं," ती फटकन म्हणाली आणि डबे लावायला वळली. डबे आधीच लावलेले होते.

पुन्हा आला. लिंबू चोळलं तर चालतं का? अजिबात नाही. तेलकट चेहऱ्यालाही क्रीम लागतं का? लागतं. वाफ घेतली की म्हणे रंध्रं उघडतात, मग बंद कशी करायची?

"ती काय दारं आहेत उघडायला आणि लावायला?"

"नाहीत ना... नाहीतर एखादं दार उघडं आहे का, ते विचारलं असतं."

तुतिक खोकली. किनांतीच्या हातातून सिरमची बाटली निसटली आणि दमारने ती अलगद झेलली. बोटांना बोटं लागली. आता ह्या माणसाच्या गालांवरची लाली उतरत आली होती, सालं गेली होती, आणि खालून जो चेहरा निघत होता तो किनांतीला दिवसेंदिवस जास्त आवडत होता. तोच तर घोळ होता. हा चेहरा ती बरा करत होती तो दुसऱ्याच कुणीतरी हार घालावा म्हणून!

तिला चैन पडेना. जेवताना घास हातात राहायचा, गिऱ्हाईक नायसिनमाइड मागायचं आणि ही व्हिटॅमिन सी द्यायची. दारावरची घंटी किणकिणली की जीव वर, आणि दुसरंच कुणी असलं की जीव खाली. स्वतःचा राग यायचा. त्याचा तर त्याहून. लग्न ठरलेला पुरुष आणि दुकानात येऊन असं बोलतो?

"अगं, त्याला सरळ सांग, येत जाऊ नकोस म्हणून," तुतिक म्हणाली.

"सांगणारच आहे."

"कधी?"

"आला की."

तो आला तो धो धो पावसात, निथळत, अंगात भला मोठा रेनकोट. किनांतीने सांगायला तोंड उघडलं, पण त्यानेच हात जोडले.

"म्बाक, नवरीचा चेहरा पेटलाय. रडून रडून घर डोक्यावर घेतलंय तिने. लग्नाआधी तिला उंबरठ्याबाहेर पडता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही येता का?"

नवरीचा चेहरा! नाही म्हणावं, असं किनांतीच्या मनात अगदी स्पष्ट आलं. जळू दे म्हणावं, असंही आलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने क्रीमचा डबा पिशवीत टाकला आणि चप्पल घातली.

स्कूटरवर रेनकोट एकच. मागे बसणाऱ्याने त्याच्याच मागच्या पदराखाली डोकं घालायचं, आमच्याकडे सगळे तसंच जातात. आत अंधार. वर पावसाचा ताशा आणि नाकासमोर दमारच्या शर्टाची पाठ... साबणाचा, ओल्या सुताचा वास. प्रत्येक खड्ड्याला तिचं कपाळ त्या पाठीला लागत होतं आणि ती प्रत्येक वेळी मागे सरत होती. रस्ता संपावा, असं तिला वाटत होतं. संपूच नये, असंही वाटत होतं. हा माणूस मला हवा आहे, तिने त्या अंधारात स्वतःशी कबूल केलं, आणि तो मला मिळणार नाही.

नवरीचं नाव मेलाती. हळद-तांदळाच्या उटण्याच्या वासाने भरलेल्या खोलीत ती गादीवर बसली होती. चेहरा टोमॅटो झालेला. अंगाला लावायचं ते खरबरीत उटणं तिने तोंडालाही घासलं होतं आणि वर कपाटातल्या बाटलीतलं ॲसिड चोपडलं होतं.

"कुणी सांगितलं होतं गं हे?" गार पाण्याची पट्टी ठेवत किनांतीने विचारलं. तिच्या आवाजाला धार होती आणि हात मात्र मऊ होता.

"मास दमारचा चेहरा बघा ना कसला छान झालाय! मला वाटलं, त्याच बाटलीने झाला."

"त्या बाटलीने बिघडला होता. ती बंद केल्यावर सुधारला. आता तूही काही लावू नकोस, फक्त हे क्रीम. लग्नापर्यंत उतरेल सगळं."

"माझं जाऊ दे," मेलाती मुसमुसली. "त्याचा चेहरा चांगला दिसायला हवा. मी त्याला ओलांडून जातेय ना. सगळ्या मावश्या, काकवा बघणार, थोरला बिचारा राहिला म्हणून."

किनांतीचा हात थांबला.

"थोरला... म्हणजे तू त्याची बहीण?"

"मग काय बायको?" मेलाती खुदकन हसली आणि ओरडली, "आई गं, ताणतं!"

किनांती बाहेर पडवीत आली. दमार खांबाला टेकून उभा होता.

"तुम्ही नवरदेव नाही?"

"मी? नाही. मी... ज्याला धाकटी ओलांडून जाते, तो."

"मग तुतिकने अभिनंदन केलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार?" तो पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाला. "अभिनंदन करणाऱ्याला सांगू, की माझी कीव करा? कीव नको होती म्हणून तर तोंडाला ते सगळं फासलं. आणि तुम्ही तर... तुम्ही ओठ चावून का होईना, मला हसलात. किती दिवसांनी कुणीतरी मला नुसतं हसलं होतं, बिचारा न म्हणता."

"आणि मी इकडे रडत होते!" किनांती उसळली. "तुमचा चेहरा दुसरीसाठी बरा करत होते आणि रडत होते, कळतं का तुम्हाला?"

"रडत? कशासाठी?"

"भूगोल शिकवता ना पोरांना? चालवा डोकं!"

त्याने चालवलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काय काय उमटत गेलं ते ती बघत राहिली.

"किनांती," म्बाक गळून पडलं होतं, "समारंभाला येशील?"

"कोण म्हणून येऊ?"

तो उत्तर देणार तेवढ्यात आतून आईने हाक मारली आणि तो गेला. परत आला तो तिला पोचवायला, पण मेलातीच्या होणाऱ्या नवऱ्याकडची माणसं त्याच वेळी दारात उतरली आणि बोलणं राहूनच गेलं. पुढचे सगळे दिवस किनांतीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कोण म्हणून... कोण म्हणून?

तरी ती गेली. निळी केबाया, म्हणजे सणासुदीचा नक्षीदार झंपर, घालून, बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिली. मेलाती गुडघ्यांवर बसून हात जोडत म्हणाली, "दादा, तुझ्या आधी जातेय. परवानगी दे."

सगळ्या गणगोताची नजर दमारच्या तोंडावर. त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"खुशाल जा पुढे," तो म्हणाला, आणि मग मान वर करून, घोळक्यातून शोधून, थेट किनांतीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिने होकार दिला, तर मीही फार मागे नाही."

कुजबुज उसळली. माना वळल्या. किनांतीच्या शेजारच्या जाडजूड मावशीने तिला कोपर मारलं.

"अगं, कुणाकडे बघतोय तो एवढा?"

"माझ्याकडे," किनांती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत मान हलवली.