पांढरा पडलेला समुद्र

आजी चित्रातून गेली कुठे, हेच शाल्मलीला कळेना.

भिंतीभर पसरलेल्या त्या चित्रात होड्या बांधायची अख्खी शेड होती. रंधा होता, डांबराचा डबा होता, दाराबाहेर उन्हात चमकणारा समुद्र होता. मधोमध कुंकू लावलेली नवी होडी. फक्त आजी नव्हती. फोटो काढले त्या दिवशी ती तिथे होती, हे शाल्मलीला पक्कं आठवत होतं.

शेड आजीच्या माहेरची. समुद्र वर चढत गेला, शेड पाण्याखाली गेली आणि सगळी वाडी डोंगरावर राहायला आली. आजी काही डोंगरावर पोचली नाही, त्याआधीच वारली. आजोबा प्रकाशाचे शास्त्रज्ञ, जगभर फोटो काढत हिंडलेले; पण कॅमेरा दिसला की आजी तोंडावर पदर घ्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरात तिचा धड एक फोटो नव्हता. उद्या तिचं वर्षश्राद्ध, आणि हार घालायला चेहराच नाही.

"ठेंगू, तू आजीला पुसलंस?" शाल्मलीने घरातल्या यंत्रमानवाला विचारलं. आजोबांनी काढलेल्या फोटोंतून चित्र त्यानेच जोडलं होतं.

"पुसलं नाही. वगळलं," ठेंगू म्हणाला.

शाल्मलीचे डोळे भरून आले. आजोबा खुर्ची ओढून जवळ बसले.

"त्याच्यावर रागावू नकोस, बाय. शिकवलं तेच त्याने केलं. आपल्या डोळ्याला काळोखही दिसतो आणि ऊनही. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. म्हणून एकाच जागेचे तीन फोटो काढायचे आणि दर वेळी एक्स्पोजर (कॅमेरा आत किती उजेड घेतो ते प्रमाण) बदलायचं. कमी उजेड घेतला की लाट न् लाट दिसते, पण शेडमध्ये मिट्ट काळोख. भरपूर घेतला की रंध्याचं पातंसुद्धा दिसतं, पण समुद्र पांढराफटक. तिसरा मधला. ज्यात जे नीट दिसतं, ते ठेंगू त्यातून उचलतो."

"आणि चित्र एवढं लांब कसं?"

"कॅमेरा जरासा वळवायचा, पुन्हा तीन फोटो. मात्र आधीच्या फोटोची कड नव्यात यायला हवी. दोन्हींत तोच खिळा, लाकडाची तीच गाठ सापडली की तिथे जोड द्यायचा. गोधडीचे तुकडे एकमेकांवर चढवून शिवतात ना, तसं. त्याला म्हणतात पॅनोरामा (चहूकडचा देखावा दाखवणारी चित्राची पट्टी)."

"पण आजी?"

"तीन फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नसतं. म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलं. पण कुंकू लावलेली होडी पाण्यात जाईपर्यंत एकटी ठेवायची नाही, ही हिच्या माहेरची रीत. मी कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेला, आणि ही मागच्या दाराने आत."

"तीन फोटोंत आजी तीन ठिकाणी आहेत," ठेंगू म्हणाला. "एकत्र केलं तर तीन अर्धवट सावल्या उमटतात. जे जुळत नाही ते मी वगळतो."

शाल्मलीने डोळे पुसले. "मग तेवढ्या जागेपुरता एकच फोटो घे."

ठेंगूने तिन्ही फोटो समोर मांडले. पहिल्यात समुद्र सुरेख, पण आजी नुसती काळी आकृती. भरपूर उजेडाच्या फोटोत कॅमेरा जास्त वेळ उघडा राहिलेला, म्हणून चालणारी आजी फरकटून पुसट झालेली. मधल्या फोटोत मात्र ती थांबली होती. एक हात होडीवर. पदर घ्यायचं विसरून ती थेट आजोबांकडे बघत होती, आता मलाही बाहेर काढता का, अशा नजरेने.

पण एवढ्या उजेडातही तिच्यामागे दारातला समुद्र पांढराफटक पडला होता. असला पांढरा डाग आजोबांनी जन्मात कधी फोटोत राहू दिला नव्हता.

"चित्रात दोष राहील," ठेंगू म्हणाला. "समुद्र दिसणार नाही."

"समुद्र काय, रोज दिसतो," आजोबा म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

शाल्मली त्यांना बिलगून बसली. ठेंगूने चित्र पुन्हा जोडलं आणि छापून दिलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आजोबा, काळोख आणि ऊन एकाच क्षणात टिपणारा कॅमेरा करता येईल?"

"येईल. थोडंफार जमायलाही लागलंय."

"पूर्ण मी जमवीन. मग फोटोसाठी कुणाला बाहेर काढावं लागणार नाही," शाल्मली म्हणाली. "आणि मी आधी घरातल्या माणसांचे फोटो काढीन."

आजोबांनी मान डोलावली. मग उठून ते चित्र टांगायला खिळा शोधू लागले.