ॲमीटरचा काटा

गॅरेजच्या दारातच तो म्हातारा ट्रॅक्टर बंद पडला, आणि खाली उतरून हँडल मारायला निघालेल्या माणसाचा अंगठा भलत्याच बाजूला होता. हातातला पाना टाकून ती धावली.

"अंगठा काढा तिथून! उलटा झटका बसला तर मनगट जाईल."

बोलता बोलता तिनंच त्याचा अंगठा उचलून बोटांशेजारी ठेवला. ठेवला... आणि हात काढून घ्यायला जरा उशीरच झाला. तो हँडल सोडून तिच्याकडेच बघत राहिला. स्वारी कामातून गेली होती, दुसरं काय!

ट्रॅक्टर त्याच्या वडिलांचा. ते गेल्यापासून शेडमध्ये पडून होता. तिनं नवी बॅटरी बसवली आणि वजा बाजू बॉडीला जोडली.

"बाबा उलटं जोडायचे बहुतेक..." तो चाचरत म्हणाला.

"सगळ्या गाड्यांना असंच असतं हो," ती हसली.

बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा चार्जिंगकडे झुकला. तो खूश होऊन गेला आणि आठवडा उलटायच्या आत मेलेली बॅटरी घेऊन परत हजर. मग पुन्हा एकदा. आता मात्र तिनं हटकलंच.

"खरं सांगा, दिवा चालू ठेवता ना? इथं यायला निमित्त म्हणून?"

त्याचे कान लाल झाले. "यायला आवडतं, हे खरं. पण तसलं काही केलं नाही मी. उद्या काका भंगारवाल्याला बोलावतायत. ट्रॅक्टर बटणावर सुरू झाला नाही, तर..."

तिची चेष्टा कुठल्या कुठे गेली. चार्ज केलेली बॅटरी बसवून तिनं नुसता दिवा लावला, आणि काटा चार्जिंगकडे गेला.

इंजिन तर बंद. मग चार्ज येतोय कुठून?

तिनं बॅटरीखालचं जुनं ग्रीस खरवडलं. बॉडीच्या बोल्टपाशी कुणीतरी लाल रंगानं अधिकचं चिन्ह काढलं होतं.

"बाबांचं काम," तो हळूच म्हणाला.

"आणि चूक माझी," ती म्हणाली. "याला अधिक बाजू बॉडीला लागते. मी उलटी जोडली, म्हणून काटाही उलटा फिरत होता. बॅटरी रिकामी होत होती, आणि ती भरतेय असं सांगून मी तुम्हाला घरी पाठवत होते."

तिनं वायरींची अदलाबदल केली, उलट्या जोडणीनं जळलेले पॉइंट घासले, डायनॅमोलाही नवी दिशा कळावी म्हणून त्याला क्षणभर बॅटरीची तार टेकवली. त्यानं बटण दाबलं. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात धडधडला आणि काटा चार्जिंगवर जाऊन थांबला, या वेळी खराखुरा.

"म्हणजे आता... यायला कारण उरलं नाही."

खूप काही बोलायचं होतं तिला. तोंडातून निघालं एवढंच, "जपून जा."

तो गेला. इतकं चोख काम केल्याचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं. हत्यारं आवरतेय तोच दारात ओळखीची धडधड. हातातलं हत्यार तसंच ठेवून ती वळली.

"परत बिघडला?"

"नाही," तो सीटवरूनच म्हणाला. "काकांना दाखवून आलो, आता भंगारात जात नाही ट्रॅक्टर. आणि... या वेळी नुसता मीच आलोय."

ती हात पुसत पुढे आली. हसू काही केल्या लपेना.

"मग बंद करा की इंजिन. बटणावर सुरू होतो आता."